बॅरिस्टरचीही बोबडी वळते!

नवीन वर्ग, पहिलं लेक्चर. एकेकाचं नाव, गाव, कॉलेज सांगून होतंय, इंट्रोची पाळी तुमच्या बाकापर्यंत आलीय आणि स्वतःचं नावच घशात अडकलंय. असं होतं तुमचं? मग गिरगावात राहणाऱ्या एका बॅरिस्टरची गोष्ट वाचाच. त्यांचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

लंडनला शिकताना ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, पण बैठकीत गप्पच बसायचे. एकदा मत मांडणं भागच होतं, म्हणून कागदावर लिहून नेलं. तेही वाचवेना. शेवटी दुसऱ्याने वाचून दाखवलं.

१८९१ मध्ये परतल्यावर ते वकिली करायला मुंबईत आले. गिरगाव ते हायकोर्ट पाऊण तास चालत जायचे. पहिली केस स्मॉल कॉजेस कोर्टात मिळाली, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरलं. एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले, केस दुसऱ्या वकिलाला द्यायला सांगितली, फी परत केली आणि निघाले. निकाल काय लागला, हेही पाहिलं नाही.

१८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मात्र वेगळंच घडलं. प्रिटोरियातल्या भारतीयांसमोर ते व्यापारातल्या खरेपणावर बोलले. विषय पक्का केला होता आणि सांगायची तळमळही होती. हे त्यांचं पहिलं जमलेलं भाषण.

मग भीती कायमची पळाली? छे! २६ सप्टेंबर १८९६ ला मुंबईत सभा होती, अध्यक्ष फिरोजशहा मेहता. भाषण छापून तयार होतं. तरी गांधीजी थरथरायला लागले, आवाज खोल खोल गेला. केशवराव देशपांडे मदतीला धावले, पण लोकांना दिनशा वाच्छाच हवे होते. वाच्छांनी भाषण वाचलं आणि सभागृह शांत झालं. आफ्रिकेतल्या भारतीयांचे हाल मुंबईला कळले. आवाज दुसऱ्याचा होता, पण काम झालं ना!

पुढे हाच माणूस ८ ऑगस्ट १९४२ ला गिरगावपासून चालत जाता येईल अशा गोवालिया टँक मैदानावर बोलला आणि देश उठला. जुन्या संकोचाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यामुळेच शब्द जपून वापरायची सवय लागली, असं ते मानायचे.

एक लक्षात घ्या. गांधीजींचं अडखळणं भीतीपोटी होतं, तोतरेपणा वेगळा. तो असेल तर स्पीच थेरपिस्टला भेटा. नायर हॉस्पिटलमध्ये तसा विभाग आहे. आणि इंट्रोला वेळ लागला तर लागू दे. बाजूच्या बाकावर कुणी अडखळत असेल, तर त्याचं नाव तुम्ही पुरं करू नका. जरा थांबा, तो सांगेल.