एका खोलीतली दोघांची झोप

एप्रिल जवळ आला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम सुरू होतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त मुले-मुली पहाटेच ग्रंथालयात येऊन बसतात आणि रात्री उशिरा उठतात. एका दिवसापुरते हे अभिवादन फार चांगले आहे. पण मी राहतो त्या उस्मानपुऱ्यात स्पर्धा परीक्षांसाठी खोली करून राहणारी पुष्कळ मुले आहेत आणि त्यातली काही हा एक दिवस वर्षभर चालवू पाहतात. आमच्या गल्लीतल्या एकाने तर रात्रीची झोपच मोडीत काढली. दर चार तासांनी वीस मिनिटांची डुलकी, अशा दिवसाला सहा डुलक्या. म्हणजे चोवीस तासांत झोप दोनच तास! हे कशासाठी, असे मी विचारले तेव्हा त्याने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवले.

बाबासाहेब कमी झोपत, ही गोष्ट खरीच आहे. पण ते का जागले, कसे जागले आणि त्याचे मोल काय पडले, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. अठरा तासांचा आकडा तेवढा सांगतो आणि चरित्र बाजूला राहते.

हे चरित्र सुरू होते परळच्या डबक चाळीत. सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईला आले आणि गिरणी कामगारांच्या त्या वस्तीत एका खोलीत संसार मांडून राहिले. चूल तिथेच, भांडीकुंडी तिथेच, माणसेही तिथेच. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होता. दिवसभर चाळीतला कलकलाट, रात्री जागेची टंचाई. मुलाने अभ्यास करायचा कुठे आणि कधी? सुभेदारांनी यावर एक तोड काढली. ते मुलाला संध्याकाळी लवकर निजवत आणि स्वतः जागत बसत. रात्री दोन वाजले की त्याला उठवत आणि त्याच्याच जागेवर आपण आडवे होत. मग काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापाशी मुलाचा अभ्यास सुरू होई.

या व्यवस्थेकडे जरा नीट पाहा. मुलगा दोनला उठत असे, एवढेच आपल्या लक्षात राहते. पण त्याआधी बापाने त्याला निजवलेले असे. मुलाची झोप कापून वेळ काढलेला नव्हता. एका अंथरुणाच्या दोन पाळ्या केल्या होत्या आणि त्यातली कठीण पाळी, मध्यरात्र उलटेपर्यंत जागण्याची, बापाने स्वतःकडे घेतली होती. या पाळ्यांवरच १९०७ ची मॅट्रिक पार पडली. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी वारले आणि त्याच वर्षी जुलैत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आता उठवायला कोणी नव्हते, तसे निजवायलाही कोणी उरले नव्हते.

तिथे पहिले काही दिवस खेळण्यात, मित्रमंडळींत गेले. मग एके रात्री मनाशी हिशेब झाला आणि अठरा-अठरा तासांचे वाचन सुरू झाले. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली, त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. तेव्हा तास हीच काय ती मिळकत होती. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले.

खरी कसोटी लागली ती १९२० नंतर लंडनमध्ये. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय सकाळी आठला उघडे, तेव्हा ते दारात हजर असत आणि संध्याकाळी पाचला ते बंद होईपर्यंत उठत नसत. दुपारचे जेवण परवडत नव्हते. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की भाजलेले चार पापड आणि कपभर गरम पेय, एवढ्यावर पहाटेपर्यंत वाचन चाले. खोलीतले सोबती अस्नोडकर त्यांना झोपण्याचा आग्रह करत, तेव्हा आपल्यापाशी जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळे. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि त्याच सुमारास बॅरिस्टरी, हे सारे याच रात्रींचे फळ. पण पैसे नाहीत, वेळ नाही, हे काही झोपेचे शास्त्र नव्हे. ती गरिबी आहे. ज्या समाजातून फारच थोड्यांना त्या दारापर्यंत पोहोचता आले, तिथला माणूस दार पुन्हा मिटण्याच्या आत जमेल तेवढे गोळा करत होता.

आता तुकड्या-तुकड्यांच्या झोपेबद्दल. ही कल्पना नवी नाही. अमेरिकी संशोधक बकमिन्स्टर फुलर दर सहा तासांनी अर्धा तास झोपण्याचा प्रयोग करत असत. १९४३ मध्ये त्याची बातमीही झाली होती. क्लॉडिओ स्टॅम्पी या संशोधकाने एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्या नाविकांच्या डुलक्यांचा अभ्यास केला. नाविकाला लांब झोप घेताच येत नाही, तेव्हा डुलक्यांवर काही काळ निभावते. पण तो नाइलाज असतो. अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी असल्या वेळापत्रकांवरचे संशोधन २०२१ मध्ये तपासले. त्यांना फायद्याचा पुरावा सापडला नाही. उलट मन:स्थिती, कामाचा उरक आणि प्रकृती यांवर वाईट परिणाम होतात, असेच दिसले. मोठ्या माणसाला साधारण सात ते नऊ तास झोप लागते. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे कामही झोपेतच चालते. म्हणजे परीक्षेसाठी झोप तोडणारा मुलगा दिवसभर साठवतो आणि रात्री सांडतो! १९९९ मध्ये शिकागोत अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची ताकद घटल्याचे आढळले.

बाबासाहेबांना पुढे मधुमेह जडला. त्याला जागरणे किती कारण झाली, हे सांगण्याचा अधिकार मला नाही, पण त्यांच्या उत्तरायुष्यातली विटंबना मात्र डोळ्यांपुढे राहते. ऑगस्ट १९४७ मध्ये ते राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. समिती सात जणांची. पण कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी दिल्लीपासून दूर. अखेर बराच भार एकट्या आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीतच सांगितले. याच काळात पायांतल्या कळा रात्री उसळत आणि पंधरा-पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागत नसे. ज्याने आयुष्यभर झोपेला परतवले, त्याला ती हवी होती तेव्हा येईना. एप्रिल १९४८ मध्ये डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला आणि पथ्यपाणी, औषधे, इंजेक्शने पाहणारे माणूस घरात आले. तरीही वाचन-लेखन थांबले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरी आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित त्यांनी उशाशी मागून घेतले. सेवक-सहकारी नानकचंद रत्तू रात्री उशिरा घरी गेले. सकाळी लोकांना कळले ते हे, की बाबासाहेब झोपेतच गेले. वय अवघे ६५.

या जागरणांतून त्यांनी पुढच्या पिढीसाठी काय मागितले, ते पाहायला मला फार लांब जावे लागत नाही. उस्मानपुऱ्याहून सायकलीने थोडक्यात नागसेनवन येते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे इथले महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि पुढे हेच मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. महाविद्यालयाबरोबर तिथे वसतिगृहे उभी राहिली. वसतिगृहाचा ध्यास बाबासाहेबांना पहिल्यापासून होता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हा ते जेमतेम तेहतीस वर्षांचे होते. खेड्यातून आलेल्या मुलाला वर्गाइतकीच गरज आहे ती डोक्यावर छपराची, ताटात जेवणाची, अभ्यासापुरत्या उजेडाची आणि पाठ टेकायला जागेची, हे परळच्या त्या खोलीत वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणून तसबिरीकडे बोट दाखवणाऱ्या मुलांना अठरा तासांच्या आकड्यासोबत सुभेदार रामजींची गोष्टही सांगावी, असे मला वाटते. घरोघरी परीक्षेच्या दिवसांत आपण मुलाला जागे ठेवायला चहा करून देतो. त्याने वेळेवर दिवा मालवावा म्हणून किती जण उठतो? रामजींच्या घरी घड्याळात दोन वाजेपर्यंत जागणारा माणूस बाप होता. आणि तोवर मुलगा, निदान तोवर तरी, निश्चिंत झोपलेला असे.