आपोआप उघडणारी दारे

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८६१ साली म्हैसूर संस्थानात जन्मले; अभियांत्रिकी मात्र शिकले पुण्यास. जुन्नर-आंबेगावात कुकडी-घोड नद्यांवर आज मोठी धरणे आहेत. त्या काळी पुण्याची तहान मुठेवरील खडकवासला धरण भागवी. पावसाळ्यात तेथील पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाया जाई. सांडवा कायमचा उंच बांधावा, तर पुराने धरणच धोक्यात येणार! साठा वाढावा, भिंत तीच राहावी, पुरास वाट मिळावी, अशा त्या प्रश्नाच्या अटी होत्या. विश्वेश्वरय्यांनी योजिलेली दारे १९०३ साली बसली. पाणी ठरल्या पातळीस चढताच ती माणसाच्या हाताविना उघडत, उतरताच मिटत. आज संगणकाकडून आराखडा करवून घेतानाही अशाच अटी आकड्यांत लिहून द्याव्या लागतात. न सांगितलेली अट यंत्र जाणत नाही. १९६२ साली, शंभरी ओलांडून, विश्वेश्वरय्या निवर्तले.