पंडिता रमाबाई

कर्नाटकातील सह्याद्रीच्या दाट अरण्यात गंगामूळ नावाचे एक ठिकाण आहे. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असा त्या काळी समज होता. परंतु अनंतशास्त्र्यांनी लोकांचा रोष पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. पुढे वडील वृद्ध झाले, तेव्हा रमाबाईंच्या शिक्षणाचा भार आईने उचलला. घरकामाला लागण्यापूर्वी, पहाटेच्या काळोखात, आई झोपलेल्या मुलीला उचलून जवळ घेई, गोड शब्दांनी जागे करी आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. रमाबाईंची पहिली शाळा ती हीच.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर हिंडत असे. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना दुष्काळाने त्यांच्यावर घाला घातला. जवळचे सर्व द्रव्य संपले, पानाफळांवर दिवस काढण्याची पाळी आली. आधी वडील गेले, मग आई, आणि काही महिन्यांत थोरली बहीण. आईचा देह स्मशानात नेण्यास पुरेसे खांदेकरी मिळेनात. तेव्हा चौथी खांदेकरी म्हणून रमाबाई स्वतः पुढे झाल्या. त्यांची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीचा दांडा त्यांनी डोक्यावर घेतला. व्रते, उपवास, दानधर्म, सारे करूनही संकट टळले नाही. धर्माविषयी अनेक प्रश्न त्यांच्या मनात उभे राहिले.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह हजारो मैल पायी चालत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. त्यांची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण दुर्दैवाने पाठ सोडली नव्हती. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. मात्र १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचाही अंत झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हव्यात, हे ओळखून वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला जाण्याचा त्यांनी निश्चय केला. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च उभा राहिला, आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या जहाजावर चढल्या.

इंग्लंडमधील वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या एका मठात त्यांची राहण्याची सोय झाली. रमाबाईंनी भगिनींना मराठी शिकवावे व त्यांच्याकडून इंग्रजी शिकावे, असे ठरले. परंतु परक्या मुलखातही दुःख त्यांची वाट पाहत होते. सोबत आलेली त्यांची मैत्रीण तेथेच मरण पावली. रमाबाईंना कानांनी कमी ऐकू येई, त्यामुळे वैद्यकीच्या शिक्षणाचे दारही बंद झाले.

या दिवसांत भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले आश्रयगृह दाखविले. समाजाने दूर लोटलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत असे. ही करुणा कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू ख्रिस्ताने एका उपेक्षित स्त्रीशी विहिरीकाठी केलेल्या संवादाची कथा सांगण्यात आली. त्या कथेचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ही वार्ता ऐकून मायदेशी अनेक चाहते व्यथित झाले, कित्येकांनी कठोर टीका केली. तरी रमाबाई डगमगल्या नाहीत.

मनोरमेला भगिनींपाशी ठेवून त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या. डोरोथिया बील या तेथील प्राचार्या होत्या. तेथे रमाबाई संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित व विज्ञान शिकत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे मत काही बिशपांनी दिले. हे बंधन रमाबाईंना मान्य झाले नाही. धर्मगुरूंच्या शिकवणीतील जे पटत नसे, त्याविषयीही त्या निर्भयपणे प्रश्न विचारीत. श्रद्धा स्वीकारली, म्हणून त्यांनी आपली बुद्धी गहाण ठेवली नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. तेथे त्यांनी लहान मुलांची किंडरगार्टन पद्धती पाहिली. चेंडू, ठोकळे, गाणी आणि खेळ यांतून मुले आनंदाने शिकत होती. नावाजलेल्या या पंडितेने त्या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले, आणि मायदेशीच्या मुलींसाठी मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्यास आरंभ केला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी 'शारदा सदन' उघडले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील आरंभीच्या विद्यार्थिनी होत. सदन लवकरच पुण्यास हलले. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, अशी तक्रार होऊन अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली प्रार्थना लपविली नाही आणि शाळाही बंद केली नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या, शेकडो अनाथ मुलींना घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी त्यांना आश्रय दिला. 'मुक्ती' नावाच्या या आश्रमात मुली लिहिणे-वाचणे, विणकाम, छपाई व शेती शिकत. उतारवयात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले.

१९२१ मध्ये मनोरमाही वारल्या. पुढल्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. ज्या मुलीला दुष्काळाने पोरके केले होते, ती दुष्काळात पोरक्या झालेल्या शेकडो मुलींची आई झाली होती.