हकीम जालीनूस

युनानी वैद्यकात जालीनूस या नावाने आदरास पात्र ठरलेले गॅलेन इ.स. १२९ मध्ये आशिया मायनरमधील पर्गामम नगरात जन्मले. स्मर्ना, कॉरिंथ व अलेक्झांड्रिया येथे अध्ययन करून ते मायदेशी परतले आणि आखाड्यात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांचे वैद्य झाले. त्यांच्या खोल जखमांतून त्यांना देहरचनेचे ज्ञान मिळाले. पुढे रोममध्ये ते सम्राट मार्कस ऑरेलियसचे वैद्य झाले.

धमन्यांत वायू नव्हे, रक्त असते, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. मात्र मानवी शवाचे विच्छेदन त्या काळी होत नसल्याने वानर व डुकरांवरून त्यांनी मानवदेहाचे अनुमान केले आणि काही प्रमाद घडले. हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून रक्त पलीकडे जाते, हा त्यांपैकी एक.

नवव्या शतकात बगदादचे ख्रिस्ती विद्वान हुनैन इब्न इसहाक यांनी त्यांचे ग्रंथ सुरियानी व अरबी भाषांत आणले. अबू बक्र अर-राझी यांनी त्यांना गुरू मानले, तरी त्यांच्या मतांवरील शंकांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात इब्न अन-नफीस यांनी तो पडदा छिद्ररहित असून रक्त फुप्फुसांतून जाते, असे प्रतिपादिले. जालीनूस स्वतः पूर्वसूरींची मते पारखून घेत. या शिष्यांनी तोच न्याय त्यांना लावला. त्यांनी गुरूचा मान राखला, पण सत्याचा हक्क त्याहून मोठा मानला.