डॉ. रॉबिन लॉरेन्स

मधुमेह हा शब्द तुम्ही ऐकला असेल. उर्दूत त्याला झियाबेतस म्हणतात. घरात बोलताना आपण नुसते शुगर म्हणतो. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. तिच्यातून इन्शुलिन हा पदार्थ रक्तात मिसळतो. इन्शुलिनमुळे रक्तातील साखर स्नायूंना मिळते आणि आपल्याला काम करण्याची शक्ती येते. मधुमेहाच्या एका प्रकारात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. मग माणूस पोटभर जेवला तरी त्याचे शरीर उपाशीच राहते. सारखी तहान लागते, वजन घटते आणि अंगातील शक्ती नाहीशी होते. १९२२ पूर्वी या आजारावर औषध नव्हते. त्या काळात ज्यांना हा आजार झाला, अशा एका डॉक्टरांची ही हकिकत आहे.

रॉबिन लॉरेन्स यांचा जन्म १८९२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन या शहरात झाला. त्यांच्या वडिलांचा ब्रश बनवण्याचा कारखाना होता. रॉबिन यांनी प्रथम भाषा व साहित्याचे शिक्षण घेतले. नंतर काही आठवडे त्यांनी कापडाच्या दुकानात काम केले, पण तेथे त्यांचे मन रमले नाही. म्हणून ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले आणि १९१६ साली डॉक्टर झाले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. सैन्यातील डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानच्या सरहद्दीवर आले. तेथे आवेच्या दुखण्याने ते फार आजारी पडले आणि १९१९ साली त्यांना मायदेशी परतावे लागले.

पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते काम करू लागले. शस्त्रक्रियेत नाव मिळवावे, अशी त्यांची इच्छा होती. १९२० साली एके दिवशी ते कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा मृतदेहावर सराव करत होते. तेवढ्यात हाडाची एक बारीक कपची उडाली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा पिकला. तपासणी करताना त्यांना मधुमेह असल्याचेही आढळले. त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली. शस्त्रक्रियेचे स्वप्न संपले. त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती.

ते स्वतः डॉक्टर होते. पुढे काय होणार, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. अगदी थोडे खाऊन दिवस काढणे, एवढाच उपाय त्या वेळी होता. त्याने मरण टळत नसे, फक्त लांबत असे. आपण घरच्यांच्या डोळ्यांसमोर झिजत जाऊ नये, असे त्यांना वाटले. म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्स या शहरात गेले आणि तेथील इंग्रज लोकांवर उपचार करत राहू लागले.

इकडे कॅनडातील टोरांटो शहरात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पुढे त्याचा गुण दिसू लागला आणि हे औषध इंग्लंडमध्येही पोहोचले. १९२३ साली लॉरेन्स यांच्या लंडनच्या मित्राने त्यांना तार करून ताबडतोब बोलावून घेतले. तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते. तरीही मोटारीने युरोप ओलांडून २८ मे रोजी ते लंडनला पोहोचले. ३१ मे १९२३ रोजी त्यांना इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. त्यांचा जीव वाचला.

पण मित्रांनो, गोष्ट येथे संपत नाही. इन्शुलिनने आजार मुळापासून बरा होत नाही. ते रोज टोचून घ्यावे लागते. कमी पडले तर साखर वाढते. जास्त झाले, किंवा जेवण चुकले, तर साखर एकदम उतरते. मग घाम सुटतो, हात थरथरतात, डोके चालेनासे होते. कधी माणूस बेशुद्धही पडतो. त्या काळी घरी रक्ततपासणी करता येत नसे. लघवी रसायनात उकळून तिचा रंग पाहावा लागे. काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागे. एवढे सगळे सांभाळून दिवसभर काम कसे करायचे, हा खरा प्रश्न होता.

लॉरेन्स यांनी त्याचे उत्तर मोजमापातून शोधले. अन्न किती, इन्शुलिन किती आणि श्रम किती, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. शारीरिक श्रमाने इन्शुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले आणि १९२६ साली प्रसिद्ध केले. म्हणून खेळण्यापूर्वी थोडे जास्त खावे किंवा इन्शुलिन कमी घ्यावे, हा हिशेब रोग्याला समजू लागला. खेळ सोडण्याची गरज उरली नाही. एका पदार्थाऐवजी दुसरा किती खावा, याची सोपी मापेही त्यांनी ठरवून दिली. १९२५ साली त्यांनी मधुमेहावर पुस्तक लिहिले. डॉक्टरांबरोबर रोग्यांनीही ते वाचावे, अशी त्यांची इच्छा होती. डॉक्टर रोज रोग्याच्या घरी येऊ शकत नाही, म्हणून रोग्यानेच आपला कारभार शिकून घ्यावा, असे त्यांचे मत होते.

त्यांच्या रोग्यांमध्ये प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स हेही होते. दोघांनी मिळून १९३४ साली मधुमेहाच्या रोग्यांची संघटना स्थापन केली. गरीब रोग्यालाही उपचार मिळावेत, यासाठी तिने काम केले. ती संस्था आज डायबेटिस यूके या नावाने चालते. १९५० साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे लॉरेन्स हे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी संसार केला, तीन मुलगे वाढवले आणि हजारो रोग्यांना धीर दिला. १९६८ साली, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मरणाची वाट पाहत फ्लॉरेन्सला गेलेला हा माणूस पहिल्या इंजेक्शननंतर ४५ वर्षे जगला.

आज रक्तातील साखर घरच्या घरी एका मिनिटात कळते. इन्शुलिनही पूर्वीपेक्षा चांगले मिळते. पण काही ठिकाणी हा आजार अजून लपवला जातो. तुमच्या वर्गातही इन्शुलिन घेणारा एखादा सोबती असू शकेल. हा आजार संसर्गाने होत नाही. त्याच्याबरोबर बसा, त्याला खेळायला घ्या. खेळताना त्याला घाम सुटला, तो थरथरू लागला किंवा काहीतरी असंबद्ध बोलू लागला, तर त्याला साखर किंवा साखरेचे सरबत द्या आणि लगेच शिक्षकांना बोलवा. तो बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. आणि तुमच्यापैकीच कोणाला हा आजार असेल, तर त्याने लाजू नये. आपले मोजमाप आपण शिकावे, वेळेवर इंजेक्शन घ्यावे आणि मैदानावर सर्वांबरोबर धावावे.