विश्लेषण : भूदानाची जमीन मिळाली, पण पुढे काय झाले? विनोबांच्या साधनेने समाजात नेमके काय बदलले?

आईच्या देवघरातील तांदळाच्या दाण्यांपासून ४० लाख एकरांच्या भूदानापर्यंत… आचार्य विनोबा भावे यांचा प्रवास आणि त्याच्या मर्यादा

हैदराबादपासून सुमारे ५० किलोमीटरवर एक गाव आहे. इकत साड्यांमुळे पोचमपल्ली हे नाव अनेकांच्या ओळखीचे असते. मोबाइलवर नकाशा उघडला, तर मात्र गावाचे नाव ‘भूदान पोचमपल्ली’ असे दिसते. साडीच्या गावाच्या नावात भूदान कुठून आले, याचे उत्तर १८ एप्रिल १९५१ रोजी तिथे झालेल्या एका सभेत आहे. त्या सभेत जमीन मागणाऱ्या माणसाकडे कोणतेही पद नव्हते, पक्ष नव्हता आणि मालमत्ताही नव्हती. ते होते विनोबा भावे.

ध्यान, उपवास, जप, मौन यांचा फायदा फक्त करणाऱ्यालाच होतो की शेजारच्या भूमिहीनालाही होऊ शकतो, हा प्रश्न आजही विचारला जातो. विनोबांचे आयुष्य म्हणजे या प्रश्नावर झालेला एक मोठा प्रयोग होता. त्याचा निकाल मात्र एका शब्दात सांगता येत नाही.

विनोबांवर लहानपणी कोणते संस्कार झाले?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते. ते विज्ञाननिष्ठ आणि काटेकोर स्वभावाचे होते. आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण भक्ती अपार.

आईने एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडिलांनी सोपा उपाय सुचवला. एक तोळा तांदळात किती दाणे बसतात ते मोजायचे आणि त्या हिशेबाने लाखभर दाण्यांचे वजन काढायचे. कमी पडायला नको म्हणून थोडे जास्त घ्यायचे. हिशेब बरोबर होता. आईला मात्र ते पटेना आणि उत्तरही सुचेना. तिने मुलाला विचारले. विनायकाने आईची बाजू घेतली. इथे लाखाचा आकडा गाठणे हा हेतूच नाही, प्रत्येक दाण्याबरोबर मन देवाकडे वळते, ते महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे आयुष्यभर विनोबांनी सूत कातताना, झाडताना, चालताना हीच पद्धत वापरली.

परीक्षेला निघालेला तरुण सुरतला का उतरला?

ब्रह्मचर्याचा संकल्प त्यांनी वयाच्या दहाव्या वर्षीच केला होता. गणित आवडते, पण पदवीची ओढ नव्हती. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे त्यांनी आईसमोर चुलीत जाळली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले, मध्येच सुरतला उतरले आणि काशीला गेले. घरी पत्राने कळवले.

त्यांच्या मनात दोन वाटा होत्या. एक हिमालयाची आणि दुसरी बंगालच्या क्रांतिकारकांची. काशीत असताना गांधीजींनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात केलेल्या भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. हिमालयातील शांती आणि बंगालमधील क्रांती, दोन्ही एकाच ठिकाणी सापडल्याची भावना विनोबांनी पुढे व्यक्त केली.

त्यांची साधना म्हणजे नेमके काय?

संस्कृतच्या अभ्यासासाठी ते एक वर्षाची रजा घेऊन वाईला गेले. तिथे उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रांचा अभ्यास केला आणि ठरल्याप्रमाणे आश्रमात परतले. १९२१ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले. पुढची ३० वर्षे त्यांचा मुक्काम मुख्यतः याच परिसरात होता.

या काळातील त्यांची साधना फक्त डोळे मिटून बसण्याची नव्हती. वर्ध्याजवळ नालवाडीत त्यांनी दिवसाचे आठ-आठ तास सूत कातले. कातणाऱ्या मजुराला जेवढी मजुरी मिळते, तेवढ्यातच जेवणखाण भागवण्याचा प्रयोग केला. त्यात तब्येत खालावली आणि १९३८ मध्ये ते पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले. पुढे शेजारच्या सुरगाव या गावी ते रोज पायी जात आणि मैला साफ करत. हे काम ठरावीक जातीच्या माथी मारलेले होते. ते त्यांनी स्वतःचे नित्यकर्म केले.

आईला गीता समजावी म्हणून मराठीत आणण्याची इच्छा होती. आई १९१८ मध्येच गेली. ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये लिहून झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले नाव निवडले ते विनोबांचे. तोवर देशात अनेकांना हे नाव ठाऊकही नव्हते.

पोचमपल्लीत त्या दिवशी काय घडले?

१९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन होते. विनोबा पवनारहून तिथे चालत गेले. तेव्हा तेलंगणात जमीनदारांविरोधात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा आणि त्यावर सरकारी कारवाई, असा रक्तरंजित संघर्ष सुरू होता. संमेलनानंतर विनोबा त्याच भागात पायी निघाले. हाती कोणतीही योजना नव्हती.

पोचमपल्लीत ४० दलित कुटुंबांनी पोटापुरती ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज पाठवू, असे विनोबांनी आधी सांगितले. मग गावातील कुणी काही करू शकेल का, असे सभेतच विचारले. रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊ केली. मागणीपेक्षा २० एकर जास्त. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. पुढच्या गावीही त्यांनी जमीन मागितली. तेलंगणातील दौरा संपेपर्यंत १२ हजार एकरांहून अधिक जमीन मिळाली होती.

पाच कोटी एकरांचे गणित काय होते?

देशात लागवडीखालील जमीन साधारण ३० कोटी एकर, त्याचा सहावा भाग म्हणजे पाच कोटी एकर, असा हिशेब विनोबांनी मांडला. तुम्हाला पाच मुले असतील, तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनमालकांना सांगत. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी पुन्हा पवनार सोडले, ते परतले एप्रिल १९६४ मध्ये. पोटाचा जुना विकार, आहार दूध-दह्याचा, पहाटे तीनच्या सुमारास उठणे आणि अंधारातच कंदिलाच्या उजेडात चालायला लागणे, हा १३ वर्षांचा क्रम होता.

या साधनेचा इतरत्र उपयोग झाला का?

तीन घटना पाहण्यासारख्या आहेत. १९५३ मध्ये बिहारमधील देवघर येथे दलितांसह मंदिरात जाताना विनोबा आणि सहकाऱ्यांना मारहाण झाली. त्यांच्या कानाला इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, अशी मात्र त्यांची इच्छा नव्हती. १९५८ मध्ये पंढरपुरात ते इतर धर्मांच्या सहकाऱ्यांना घेऊन विठ्ठलाच्या दर्शनाला गेले. तिथे मंदिराच्या मंडळींनीच त्यांना बोलावले होते. आणि मे १९६० मध्ये चंबळ खोऱ्यात २० डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. विनोबांकडे ना पोलीस होते, ना माफीचा अधिकार. ज्या माणसाला स्वतःसाठी काहीच नको, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो, हेच तिन्ही ठिकाणी कामी आले. देवघरला मात्र त्या विश्वासाची किंमत आधी मार खाऊन मोजावी लागली.

मग भूदान कुठे कमी पडले?

आकडा ४० लाख एकरांच्या पुढे गेला, त्यात निम्म्याच्या आसपास जमीन एकट्या बिहारमधली. पाच कोटींचे लक्ष्य खूप दूर राहिले. मिळालेल्यांपैकी बरीच जमीन खडकाळ, वादातली किंवा कागदावरचीच निघाली. काहींनी देऊनही ताबा सोडला नाही, काहींच्या वारसांनी दान नाकारले. मोठा भाग वाटलाच गेला नाही. ज्यांना मिळाली, त्यांच्यातही अनेकांकडे बैल, बियाणे आणि भांडवल नव्हते. शिवाय सगळेच दान हृदयपरिवर्तनातून आले असेही नाही. कम्युनिस्टांची धास्ती आणि येऊ घातलेले जमीन कायदे, हीदेखील कारणे होती.

थोडक्यात, विनोबांच्या साधनेने माणसाला सभेत उभे केले. पण सभेनंतर मोजणी, फेरफार, सातबारा, ताबा आणि पिकासाठी कर्ज लागते. राज्यांनी भूदानाचे कायदे केले, मंडळे नेमली. ते काम मात्र विनोबांच्या पायांच्या वेगाने झाले नाही. स्वतः विनोबांचा भर पुढच्या गावावर राहिला, मागच्या गावातील हिशेबावर नाही, ही टीका आजही होते आणि ती डावलता येत नाही.

आणीबाणीचा वाद काय होता?

१९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा विनोबांचे एक वर्षाचे मौन सुरू होते. त्या काळाचे वर्णन त्यांनी शिस्तीचे पर्व अशा अर्थाने केले आणि सरकारने त्याचा प्रचारासाठी वापर केला. त्यांना आचार्यांची, म्हणजे सरकारबाहेरच्या निःपक्ष लोकांची शिस्त अभिप्रेत होती, असे त्यांचे अनुयायी सांगतात. पण भूदानासाठी १९५४ मध्ये जीवन वाहणारे जयप्रकाश नारायण तेव्हा तुरुंगात होते. सर्वोदय चळवळ दुभंगली. मौन ही साधना असू शकते, पण अन्यायाच्या वेळी समाजाला ते संमती वाटू शकते, हा धडा या वादातून मिळतो.

आज काय उरले आहे?

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी पडल्यावर विनोबांनी अन्न आणि औषधे बंद केली. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारला त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. १९५९ मध्ये त्यांनी पवनारला स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात स्त्रियांनी सामूहिक साधना आणि शेतीश्रम यांची सांगड घातली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या आदिवासी गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्यानुसार जमीन ग्रामसभेकडे देण्यासाठी पुढाकार घेतला. तिथे निर्णयापूर्वी गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले आणि सगळ्यांच्या सहमतीने कारभार केला.

विनोबांच्या पदयात्रेत जे अर्धे राहिले, ते कदाचित हेच होते. एका माणसाची साधना गावाला देण्यापर्यंत आणू शकते. दिलेले टिकवायचे असेल, तर ती गावाची रोजची सवय व्हावी लागते. आईच्या तांदळासारखी, एकेक दाणा मोजत.