स्वस्त यंत्रांचा धडा

जाम परिसरात, हिंगणघाटच्या टापूत, कापूस हेच धन. हा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ म्हणूनच जमशेटजी टाटा यांनी मुंबईऐवजी नागपूर निवडले. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. एवढा व्यवहारचतुर माणूस, पण आरंभी चुकलाच! यंत्रसामग्री स्वस्तातली घेतली. ताळेबंदात ती मालमत्ता म्हणून दिमाखाने बसली. सूत मात्र बेताचेच निघे. समभाग घेताना स्थावर मालमत्तेचा आकडा पाहून हुरळणाऱ्यांनी ती मालमत्ता कमावते किती, हेही पाहावयास हवे. जमशेटजींनी ते पाहिले. निकृष्ट यंत्रे काढून उत्तम आणली. इंग्लंडातले गिरणीवाले बिचकत असताना नागपुरात रिंग पद्धतीच्या चात्या फिरविल्या. धागा तुटू नये म्हणून हवेत ओलावा राखण्याची सोय केली. भागधारकांच्या पदरी भरघोस लाभांश पडू लागला. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी निघाला. हा खर्च मालमत्तेच्या रकान्यात कधी दिसत नाही, हा हिशेबशास्त्राचा दोष म्हणावा. १९०४ मध्ये जर्मनीत जमशेटजी निवर्तले, तेव्हा त्यांचा पोलादाचा कारखाना अजून कागदावरच होता.